फाशी कोणाच्या हुकुमाने?

कोंडिबा, माझा चुलता. तोरण्याखालच्या आमच्या वाडीच्या महारवाड्यात राहणारा. या आषाढात, बेंदराच्या आदल्या दिवशी, दिवस माथ्यावर असताना, पाटलाचा मेलेला बैल त्याच्याकडून सोलून घेण्यात आला. त्यात तो गेला. त्याच्या मागोमाग तुम्ही गेलात, अण्णा. अन्याय दोघांवर झाला, पण कोंडिबाचं नाव आधी घेतो. तुमचं आधी लिहिलं असतं तर तुम्हीच माझा कान धरून म्हणाला असतात, "पत्रकबहाद्दर, रोग्याचं नाव आधी, डॉक्टरचं मागून."

माणसं भेटतात आणि तुमच्याविषयी चार चांगले शब्द लिही म्हणतात. चांगले शब्द त्यांचे त्यांनी लिहावेत. तुम्ही जिवंत होता तेव्हा याच माणसांनी तुम्हाला 'ढोरडाक्टर' म्हटलं, आणि मेल्या जनावराच्या पोटात हात घालणारा म्हणून ओसरीच्या कडेला बसवलं. तुम्ही कडेला बसून चहा प्यायचात, आणि निघताना त्यांच्याच गोठ्यात वाकून त्यांच्याच म्हशीची अडकलेली वार काढून द्यायचात. मला राग यायचा. तुम्हाला का येत नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही. त्यावरून आपण किती भांडलो!

भांडण सुरू झालं ते तुमच्या शाळेवरून. धनगरवाड्यावरचा पोरगा मुंबईला जाऊन गुरांचा डॉक्टर होऊन आला, याचं सगळ्या मावळाला कौतुक होतं. मला नव्हतं. भोरच्या गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून मी तुम्हाला तोंडावर म्हणालो होतो, "ती शाळा साहेबाच्या घोड्यांची. पलटणीचे घोडे लंगडू नयेत म्हणून काढलेली. तिथं शिकून तुम्ही आमचे कसे?"

तुम्ही मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. वर न बघता म्हणालात, "घोड्यांचीच. अरबस्तानातून गलबतं भरून घोडे मुंबईला उतरायचे. ऑस्ट्रेलियातून यायचे. ट्रामला घोडे, तोफेला घोडे. त्यांचे दात-पाय बघायला माणसं हवी होती. पण घोड्याच्या मागून बैल आत शिरला, आणि बैलाची शेपटी धरून मी शिरलो. दार कुणासाठी उघडलं ते विचारू नये लेका, आत कोण गेलं ते बघावं."

"आणि बाहेर कोण राहिलं ते?"

"ते तू बघ. पत्रक तुझं आहे."

शाळेची गोष्ट निघाली की तुम्ही वेगळेच व्हायचात. शिकवायला स्कॉटलंडचा मास्तर. खोलीत सोबती सिलोनचा, त्याला आपली भाकरी गिळवेना आणि तुम्हाला त्याचं खोबरेल तेलातलं कालवण. पलीकडच्या खोलीत एडनकडचा एकजण उंटाच्या खरजेवर तासन्‌तास बोलायचा. मागच्या लढाईत तुमच्या आधीची मुलं खेचरांबरोबर बसऱ्याला गेली होती, त्यातली काही तिकडंच राहिली. रोगाला सरहद्द नसते, हे वाक्य तुम्ही तिथून आणलं. मी म्हणायचो, रोगाला नसते, औषधाला असते. तुम्ही हसायचात. हसून उत्तर टाळायची तुमची खोड मला कधीच आवडली नाही.

एका धड्याची हकीकत मात्र तुम्ही कधी हसून सांगितली नाहीत. मास्तर लोकरीतल्या रोगाविषयी शिकवत होता. हिंदुस्थानची लोकर आणि बकऱ्यांचे केस बोटीनं विलायतेला जातात. गिरणीत ते निवडणाऱ्या मजुरांना श्वासातून विष चढायचं आणि माणसं पटापट मरायची. मग तिकडं आरडाओरड झाली, कायदा झाला, आणि आता आपल्याकडून जाणारा असला माल बंदरात उतरला की आधी औषधाच्या पाण्यानं धुऊन घेतात. मास्तर हे अभिमानानं सांगत होता, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं. तुम्ही उभे राहिलात. तुमच्या वडलांनी आणि आजानं कातरलेली लोकर तुमच्या डोळ्यापुढं होती.

"साहेब, आणि कातरणाऱ्याचं काय?"

पुस्तकात त्याचा धडा नव्हता. शाळा सुटताना, निरोपाच्या दिवशी, त्यानं आपल्या कपाटातले विलायती रबरी हातमोजे तुमच्या हातात ठेवले. म्हणाला, "कातरणाऱ्यासाठी."

मी त्यावर किती तोंडसुख घेतलं! "अख्ख्या सह्याद्रीला एक जोड! वा रे साहेब! यातून दहा बोटं वाचतील, बाकीच्यांनी काय खिशात हात घालायचे?" तुम्ही ते हातमोजे शंखजिरं लावून कापडात जपायचात. रबर चिकटू नये म्हणून. मला वाटायचं, साहेबानं दिलेली वस्तू म्हणून हा माणूस तिची पूजा करतोय.

आता त्या शब्दाविषयी, ज्यानं घात केला.

लोकर निवडणाऱ्याला मारणारा तो रोग आणि आपल्या रानात बैलाला मारणारा रोग एकच. इंग्रज त्याला अँथ्रॅक्स म्हणतात. मूळ ग्रीक, अर्थ कोळसा. माणसाला झाला की फोड मधोमध कोळशासारखा काळा पडतो म्हणून. फ्रेंचही कोळसाच म्हणतात. जर्मनांनी बैल चिरून पाहिला, पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून काळी झालेली दिसली, त्यांनी पाणथरीवरून नाव ठेवलं. आणि आपल्या माणसांनी काय पाहिलं? सकाळी दावणीला उभं असलेलं जनावर गळा आवळल्यासारखं धापकन पडतं आणि संपतं. आपल्याकडं त्याचं नाव फाशी. तुम्ही ही सगळी नावं बोटांवर मोजून दाखवायचात आणि शेवटचं बोट हलवत म्हणायचात, "सगळ्यांत नेमकं आपलं. चिरायला नको, तपासायला नको. लांबून बघून ठेवलेलं नाव आहे. लांबूनच बघावं असा रोग."

म्हणून तुम्ही कचेरीला जे लिहायचं ते मराठीत लिहायचात, आणि रोगाचं नाव गावाचं लिहायचात. बुळकांडीला बुळकांडी, घटसर्पाला घटसर्प, फाशीला फाशी. गावाला कळत नाही त्या नावानं गावाचा रोग हटणार नाही, हे तुमचं ठाम मत. तेवढ्या एका बाबतीत आपण कधी भांडलो नाही. आजही भांडत नाही. चूक शब्दाची नव्हती.

आषाढ लागला. पाटलाचा जोडीतला उजवा बैल नांगर ओढताना पडला आणि मेला, नाकातोंडातून काळं रक्त आलं. तुम्ही तट्टावरून पावसात आलात. लांबूनच पाहिलंत. "फाशी आहे. चिरू नका, ओढू नका. आहे तिथंच खोल पुरा, वरून चुना."

पाटील म्हणाला, "डाक्टर, बेंदूर तोंडावर आलाय. माज्या रानात मडं पुरायचं व्हय? आन एवढं कातडं मातीत घालायचं?"

"पाटील, कातडं म्हणजे जहर. रक्त सांडलं तर तुमच्या रानात वर्षानुवर्षं बसून राहील. उद्या तुमचाच दुसरा बैल तिथं तोंड लावील."

"हुकूम आना. हुकूम आला की पुरतो."

तुम्ही तिथंच ओसरीवर बसून कचेरीला लिहिलंत: अमुक वाडीत फाशी झाली आहे, प्रेत पुरण्याचा हुकूम ताबडतोब व्हावा. जासूद कागद घेऊन पळाला. पलीकडच्या धनगरवाड्यावर गुरं पडू लागली होती, त्यांना टोचायला तुम्ही डोंगर चढून गेलात.

कचेरीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर छापखान्याला टाळं लागेल. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथं बसलेल्या गृहस्थानं जन्मात बैलाचं दावं हातात धरलेलं नव्हतं. त्यानं 'फाशी' वाचलं, 'प्रेत' वाचलं, आणि शेरा मारला: *कोणास फाशी दिली, कोणाच्या हुकुमाने, याचा खुलासा करावा. पंचनामा होईतो प्रेत जागेवरून हलवू नये.* आणि तो हुकूम घेऊन वाडीत एक शिपाई आला.

पुढचं मला काकीनं, कोंडिबाच्या बायकोनं, सांगितलं.

शिपाई म्हणाला, "मडं कुठाय?"

"ह्यो काय."

"ह्यो तर बैल हाय!"

"मग? बैलच मेलाय."

"फाशी कुनाला दिली?"

"बैलाला."

"कुनी?"

"देवानं!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळी वाडी हसली. काकी म्हणते, कोंडिबा सगळ्यांत जास्त हसला.

शिपाई बिचारा हुकुमाचा ताबेदार. मडं बैलाचं असो नाही तर माणसाचं, कागदावर 'हलवू नये' आहे ते आहे. तो पाटलाच्या ओसरीवर भाकरी खाऊन पानाला चुना लावत बसला. बैल फुगला. वास सुटला. दुसऱ्या दिवशी बेंदूर. शिंगं रंगवायची, बैल मिरवायचे, आणि दारापुढच्या रानात हे धूड. पाटलानं डोकं खाजवलं आणि असला न्याय काढला की मोठमोठ्या वकिलांनी तोंडात बोट घालावं. "हलवायचं न्हाई न्हवं? मग न्हाई हलवत. जागंवरच सोला. ए कोंड्या!"

मी त्या दिवशी किकवीच्या बाजारात उभा होतो. मेलेलं ढोर ओढू नका, हे पत्रक वाटत.

तेच पत्रक मी कोंडिबाकाकाला चैत्रात वाचून दाखवलं होतं, तुम्ही तिथंच बसला होता. आठवतंय? काकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं लिवलंयस. आता मला सांग शान्या, वढायचं सोडलं तर कातडं कोन दील? ती वादी, त्यो वहाणंचा तळ? कातडं आमचा हक्क हाय. एका तोंडानं म्हनतूस हक्क सोडा, दुसऱ्या तोंडानं म्हनतूस हक्कासाटी भांडा. काय तरी एक सांग की लेका!" तुम्ही मांडीवर थाप मारून हसला होतात. "याचं उत्तर दे आधी, मग छाप."

मी उत्तर न देताच छापलं. त्या हक्काच्या पोटात काय भरलंय ते बेंदराच्या आदल्या दिवशी दिसलं. काकानं ओलं कातडं मानेवर टाकून ओढ्यावर नेलं.

तुम्ही डोंगर उतरून आलात तेव्हा कातडं काकाच्या कुडाला ताणलेलं होतं. तुम्ही तट्टावरून उतरलातच नाही थोडा वेळ. मग काही दिवसांनी काकाच्या मानेवर पुळी आली, मधोमध काळी, भोवती सूज. काका म्हणाला, "दुखत न्हाई, दाक्तरसायेब. डास चावला आसंल."

"दुखत असतं तर बरं झालं असतं, कोंडिबा."

मी तुमच्या मागं लागलो. तिकडच्या गिरण्यांतल्या मजुराला टोचतात ते सीरम कुठाय? तुम्ही भोरहून मुंबईला, आपल्या शाळेला तार केलीत. आता पुन्हा पेटलेल्या लढाईमुळं बोटी बंद, ते सीरम येतं तो मुलूख शत्रूचा. मुंबईत कुठं शिल्लक असेल तर शोधून पाठवतो, असं उलट उत्तर आलं. शाळेनं शोधलं असेल. मी तिला दोष देत नाही. पण समुद्रापलीकडचा मजूर आणि माझा काका यांना एकाच रोगानं धरलं, आणि एकासाठी कायदा, धुण्याचे हौद, टोचायचं औषध, दुसऱ्यासाठी तार. काकानं तारेची वाट पाहिली नाही.

तेराव्याच्या आधीच जोडीतला दुसरा बैल पडला. त्याच रानात चरत होता. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

या वेळी तुम्ही कचेरीला काही लिहिलं नाहीत. महारवाड्यात आलात आणि मला म्हणालात, "चल. फावडं घे." कापडातून ते हातमोजे काढलेत. एक माझ्यापुढं धरलात.

"उजवा तुला. फावडं तुला मारायचंय. डावा मी घालतो. साहेबानं जोड दिला, बघ, दोघांना पुरला."

आपण बैलाच्या अगदी कडेला खड्डा खणला. पाऊस थांबत नव्हता, खड्ड्यात पाणी साठत होतं, तुम्ही टोपल्यानं उपसत होता. बांधावर माणसं उभी होती. पाटील होता, त्याची दोन्ही दांडगी पोरं होती, तो शिपाईसुद्धा होता. कुणी म्हणालं, "डाक्टर, हळू, पाय घसरंल." काळजी होती हो! फावडं मात्र एकानंही आणलं नाही. आपण वाशाच्या टोकानं बैल लोटला, चुना टाकला, माती ओढली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून तुम्ही वर करवंदीच्या जाळ्या ओढून आणल्यात. काट्यांनी तुमचा उजवा हात मनगटापर्यंत ओरबाडला. तुम्ही तो औषधाच्या पाण्यात धुतलात, मला हातमोजा काढायची रीत दाखवलीत, आतली बाजू बाहेर, आणि म्हणालात, "आता जरा चहा मिळाला असता तर."

पाटलाच्या ओसरीवर तुम्ही त्या दिवशी बसला नाहीत. काकीच्या दारात बसून गुळाचा कोरा चहा प्यायलात.

पुळी मनगटावर आली, उजव्या. तुम्ही ती मला दाखवली नाहीत, बाहीखाली झाकलीत. ताप डोक्यात जायला लागला तेव्हा आम्ही तुम्हाला पुण्याच्या मोटारीत घातलं. पेट्रोल मिळत नाही, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. शिवऱ्याला ती बंद पडली. ड्रायव्हर उतरून मागच्या भट्टीत कोळसे खालीवर करू लागला. आपण झाडाखाली बसलो होतो. तुम्ही भट्टीकडं बघून हसलात. "ग्रीकांचा कोळसा, फ्रेंचांचा कोळसा, आता ह्याचा. कोळसा माझी पाठ सोडत नाही."

मग तुम्ही माझ्या पत्रकांवरचं आपलं जुनं भांडण काढलंत. "पुढच्या पत्रकात रोग लिही. नुसता रोग. फाशीचं जनावर पुरा, नाहीतर तुमचं पोर मरेल, असं लिही. जिवाच्या भीतीनं माणूस ऐकतो. अपमानाचं कुणी ऐकत नाही."

मी म्हणालो, "अण्णा, पाटलाला रोग ठाऊक होता. तुम्ही सांगितला होता. तरी त्यानं 'ए कोंड्या' म्हटलंच. अपमान नसता तर रोग काकापर्यंत पोचलाच नसता."

तुम्ही हसला नाहीत. पहिल्यांदाच. मग म्हणालात, "हां. याचं उत्तर पुण्याहून येताना देतो."

मोटार सुरू झाली.

पुण्याहून तुम्ही आला नाहीत आणि उत्तरही आलं नाही. मी ते शोधत बसलोय. कधी वाटतं तुमच्यापाशी उत्तर होतं, कधी वाटतं तुम्हाला माझंच पटलं होतं आणि ते कबूल करायला पुणं-भोर एवढी वाट हवी होती. या दोन्हींत मला सुख नाही. तुम्हाला जिंकून मी काय करू? आणि उजव्या हातमोज्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणालो नाही. बांधावरच्या माणसांवर ओरडण्यात ते राहून गेलं. सह्याद्रीला एक जोड, असं हिणवलं होतं ना मी? त्या जोडानं वाचवलेला उजवा हात माझाच. हे मी त्याच हातानं लिहितोय.

कचेरीनं अजून खुलासा मागितलेलाच आहे. तुमच्या माघारी तो कागद दवाखान्यात पडून आहे, म्हणून मी देतो. कोणास फाशी दिली? कोंडिबास. नंतर डॉक्टरांस. कोणाच्या हुकुमाने? इथं पाटलाचं नाव लिहून मोकळं व्हावं असं फार वाटतं. पण बांध भरलेला होता.

अण्णा, आता जरा बाजूला सरका. मला यांच्याशी बोलायचंय.

हे वाचणाऱ्या शेतकरीदादा, तू त्या बांधावर नसशील, पण तुझ्या गावाला बांध आहे. उद्या तुझ्या दावणीचं जनावर धापकन पडेल. तेव्हा महारवाड्याकडं तोंड करून हाक मारू नकोस. कुणालाही हाक मारू नकोस, हुकुमाची वाट बघू नकोस, चाकू लावू नकोस. जनावर तुझं. त्याचं दूध तू प्यायलास, त्याच्या मानेवर जू तू ठेवलंस. त्याचा खड्डा तू खण, तुझ्या रानात, तुझ्या हातानं, पुरुषभर खोल. डॉक्टरांचे दोन्ही हातमोजे माझ्यापाशी आहेत, उकळून, शंखजिरं लावून ठेवलेले. मागायला ये, देतो.

फावडं तुझं आण.